बुधवारची सेवा

मेट्रनबाई निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळातल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरच्यांनी आरामखुर्ची. घड्याळ कामाला लागलं. खुर्ची मात्र नुसतीच पडून राहिली, कारण बाई तिच्यात कधी पाच मिनिटं टेकल्या नाहीत.

त्यांचा उभा जन्म वॉर्डात गेला होता. वॉर्डाच्या दारात नुसतं उभं राहिलं तरी कुठल्या खाटेवरची चादर चुरगळलीय, कुठलं सलाईन संपत आलंय आणि कुठला पेशंट गोळी गिळल्याचं खोटं सांगतोय, हे त्यांना कळायचं. आता त्या नजरेच्या टप्प्यात मुलगा, सून आणि फ्रिज एवढंच उरलं होतं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लागली. जेवताना मुलाला ठसका लागला, की बाई घास खाली ठेवायच्या.

"कधीपासून आहे?"

"आई, ठसका लागलाय. आत्तापासून आहे."

"कफ पडतो का? रंग काय?"

मुलगा ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायचा. सून सोशिक होती, पण एकदा अंघोळीहून बाहेर आल्यावर बाईंनी तिची नखं तपासली, आणि त्याच संध्याकाळी सूनबाई एक पत्रक घेऊन आली.

"आई, ही एक संस्था आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना भेटायला आठवड्यातून एकदा माणसं पाठवतात. त्यांना तुमच्यासारख्यांची फार गरज आहे म्हणे."

"मला कुठे वेळ असतो?" बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचं दार उघडायच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या.

संस्था चष्म्याच्या दुकानावर होती. अरुंद जिना, दोन खोल्या. आतल्या खोलीत संचालक बसायचे. तिथे काच होती, गालिचा होता, गारवा होता. बाहेरच्या खोलीत एक तरुण मुलगी दोन फोन, एक कॉम्प्युटर आणि एक सर्दी एकदमच सांभाळत होती. सगळे तिला ताई म्हणत. भिंतीभर हातात हात घेतलेले फोटो लावले होते. माणसं नव्हती, नुसते हात.

"काकू, तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?" ताईनं विचारलं.

बाईंनी वाटेत उत्तर घोकलं होतं. "समाजानं मला भरपूर दिलं. आता कुठेतरी ते..."

"समाजाचं ऋण," ताईनं टाईप करून टाकलंसुद्धा. इथे येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता. रोज पहाटे जाग येते आणि ड्यूटी ताब्यात घ्यायला कुठेच जायचं नसतं, हे बाई तिला सांगणार नव्हत्याच. तेवढी काही ओळख नव्हती.

त्यांना हिरव्या फितीचं ओळखपत्र मिळालं. त्याखेरीज काहीच मिळालं नाही. बाई रोज फोन करायच्या आणि ताई रोज म्हणायची, "बघतेय काकू, नक्की बघतेय." जगात इतकी एकटी माणसं आहेत असं पेपरात येतं, मग त्यातलं एक माझ्या वाट्याला का येऊ नये, असं म्हणत बाई घरात येरझाऱ्या घालू लागल्या. शेवटी सूनबाईनंच ताईला गुपचूप फोन करून विनवलं.

मग एकदाचं काम निघालं.

"एक काका आहेत," ताई म्हणाली. "लिफ्टचे मेकॅनिक होते. काकू गेल्या, मुलगी दूर असते. दर बुधवारी जायचं. फक्त एक सांभाळा. फार स्वाभिमानी आहेत. तुम्ही सेवा करायला आलात हे त्यांना जाणवू द्यायचं नाही. संस्थेचं नावसुद्धा काढायचं नाही."

"मग अनोळखी माणसाच्या घरी मी कोण म्हणून जाऊ?"

"मी त्यांना सगळं समजावून ठेवते," ताई म्हणाली. हे म्हणताना तिनं कॉम्प्युटरवरून नजर वर केली नाही. बाईंच्या जुन्या नजरेनं ते टिपायला हवं होतं. पण काम मिळाल्याच्या आनंदात ते निसटलं.

बुधवारी मेकॅनिककाकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, ओले करून चापून बसवलेले केस, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू समोर ऑपरेशनहून परत आणलेलं माणूस उभं आहे.

"या, या, बाई! सावकाश. उंबऱ्याशी जपून!" ते एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले.

"मी ठीक आहे! तुम्ही कसे आहात?" बाईही तितक्याच मोठ्यानं, तितक्याच सावकाश म्हणाल्या. वय झालेल्या एकट्या माणसाशी असंच बोलावं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. दोघंही उत्तम ऐकू येणारी माणसं होती. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला मात्र त्या दिवशी त्यांच्या तब्येतीची साद्यंत माहिती मिळाली.

काकांनी बाईंना चांगली खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, चहा दिला. "घराबाहेर पडलात हे फार छान केलंत," ते म्हणाले. "हळूहळू सवय होते."

बिचारा, बाईंच्या मनात आलं. मी त्याच्याकडे आलेय की तो माझ्याकडे, याचाही घोळ होतोय. पण माणूस स्वच्छ होता. खिडकीत तुळया, कप्प्या आणि तारांचं एक छोटं चालतं लिफ्टचं मॉडेल होतं. आपण गेल्यावर मुलीला आठवण राहावी म्हणून बनवलंय, असं काकांनी सांगितलं, आणि गेल्यावर म्हणजे कुठे, हे दोघांनीही विचारलं-सांगितलं नाही.

मग बुधवारामागून बुधवार जात राहिले. बाई रक्तदाबाचं यंत्र घेऊन जायच्या. काका बाही वर करून दंड पुढे करायचे आणि छताकडे बघत बसायचे, लहान मुलाला डॉक्टर-डॉक्टर खेळू द्यावं तसे. बाईंना वाटायचं, किती धीर येतो त्यांना आपल्यामुळे. काकांकडे एक आवडती गोष्ट होती. एका कंपनीतला साहेब आणि त्याचा कारकून लिफ्टमध्ये अडकले. दोघांत कित्येक वर्षं अबोला. काका वर पोचले तर आतून बोलण्याचा आवाज. बिघाड क्षणात सापडला होता, पण काका पान्हा हातात धरून तसेच बसून राहिले, आत बोलणं संपेपर्यंत. ही गोष्ट बाईंनी तीन वेळा ऐकली आणि तिन्ही वेळा योग्य जागी "अगं बाई, मग?" म्हटलं. सेवा म्हणजे तरी दुसरं काय?

त्यांनीही वॉर्डातले किस्से सांगितले. भूल द्यायला आलेला डॉक्टर रक्त बघून स्वतःच आडवा झाला तो. नातेवाइकांनी चुकून दुसऱ्याच आजोबांना घरी नेलं आणि आजोबा काही बोलले नाहीत, कारण त्या घरात जेवण बरं होतं, तो. काका पुढे सरकून ऐकायचे. बाईंना वाटायचं, ऐकताना कसा उजळतो चेहरा! किती भुकेला असेल हा माणूस बोलण्याला!

बुद्धिबळाचा डाव मात्र काही केल्या संपेना. एकट्या माणसाला जिंकू द्यावं म्हणून बाईंनी वजीर उघड्यावर ठेवला. काकांनी तो बघितला, मान हलवली आणि घोडा भलतीकडे नेऊन स्वतःचा हत्ती मारून घेण्याची सोय केली. बाईंनी हत्ती मारला नाही. कोपऱ्यातलं एक प्यादं पुढे सरकवलं.

"तुमचं लक्ष नाही का? हत्ती आहे तिथे," काका म्हणाले.

"दिसलाच नाही बाई मला. आणि तुम्हाला माझा वजीर दिसला नाही वाटतं?"

"मोतीबिंदू असेल," काका घाईघाईनं म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे टॉर्च काढून त्यांचे डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता. पण त्या काही बोलल्या नाहीत. हरण्याची लाज वाटत असेल, असं त्यांनी समजून घेतलं.

थंडीतल्या एका सकाळी संस्थेचे संचालक स्वतः फोनवर आले. संस्थेचा वार्षिक मेळावा होता, मोठे देणगीदार येणार होते. "सगळ्यांत नियमित भेटी तुमच्या आहेत," ते म्हणाले. "तुम्ही ज्यांची सोबत करता, त्यांना घेऊन या. तुम्हा दोघांना मंचावर बोलवायचंय."

आता काकांना कसं सांगावं? बुधवारी बाई खुर्चीत बसल्या-बसल्या शब्द जुळवत होत्या, तर काकाच खाकरले.

"बाई, रविवारी एक छोटासा कार्यक्रम आहे. तुम्ही यावं अशी माझी इच्छा होती."

"मीसुद्धा तुम्हाला रविवारचंच विचारणार होते! पण असू दे, तुमच्याच कार्यक्रमाला जाऊ."

"नको, नको, तुमच्या कार्यक्रमाला जाऊ. कुठे आहे?"

दोघांनी एकाच सभागृहाचं नाव घेतलं. केवढा योगायोग, असं दोघंही म्हणाले आणि आणखी एकेक बिस्किट खाल्लं. दुसऱ्याच्या मनाला धक्का लागू नये म्हणून पुढचा प्रश्न कुणीच विचारला नाही.

रविवारी सभागृहाच्या दारात टेबल मांडलं होतं. टेबलामागे ताई, पुढ्यात फितींच्या दोन परड्या: सेवा करणाऱ्यांना हिरवी, सोबत घेणाऱ्या पाहुण्यांना पिवळी. त्या दोघांना एकत्र जिना चढताना बघून ताईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

बाईंनी पर्समधून आपलं हिरवं ओळखपत्र काढलं आणि हळूच म्हणाल्या, "यांच्यासाठी एक पिवळी दे गं."

त्याच वेळी काकांनी खिशातून आपलं हिरवं ओळखपत्र काढलं. "यांच्यासाठी एक पिवळी द्या, ताई."

दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"मी इथला स्वयंसेवक आहे."

"तुम्ही? स्वयंसेवक मी आहे! मग तुम्ही दर बुधवारी करत काय होतात?"

"तुमची सोबत! तुम्ही एकट्या आहात ना."

"एकटी? मी?" बाईंचा वॉर्डातला आवाज लागला. "माझ्या घरी सकाळी बाथरूमपुढे रांग लागते! एकटे तुम्ही! तुम्ही माझे आहात!"

दोन देणगीदारांनी वळून पाहिलं. त्यांतल्या एक कौतुकानं हसल्या.

"ताई," काका शांतपणे म्हणाले, "काय प्रकार आहे हा?"

ताईनं आधी नाक पुसलं, मग डोळे. "इथे रोज कोणी ना कोणी सेवा करायला येतं, काका. करून घ्यायला कुणी येतच नाही. मी घरोघर फोन करते, सोबत हवी का म्हणून. आजी म्हणतात, मला कशाला, समोरच्या जिन्यातल्या बाईंना विचार. त्या म्हणतात, मी कामात असते, वरच्यांना विचार. आणि तुम्ही दोघंही रोज फोन करत होता. कुणाला तरी द्या, कुणाला तरी द्या. मग मी तुम्हाला एकमेकांना देऊन टाकलं."

"आणि संस्थेत आमची गणती कशात?" बाईंनी विचारलं.

"दोन्हीत," ताई पुटपुटली. "दोन स्वयंसेवक आणि दोन पाहुणे."

"म्हणजे आम्ही दोघं मिळून चार माणसं?"

काकांच्या मिशा हलल्या. त्यांना हसू फुटत होतं. बाईंना ते दिसलं आणि मस्तकात तिडीक गेली. हिरवं ओळखपत्र टेबलावर ठेवून त्या तशाच जिना उतरून निघून गेल्या. "बाई, अहो बाई!" असा मागून आवाज आला, पण त्या थांबल्या नाहीत.

बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ताईचं खोटं आपल्याला फारसं लागलेलं नाही. इस्पितळात पेशंटच्या भल्यासाठी याहून मोठं खोटं त्या स्वतः बोलल्या होत्या. लागलं ते निराळंच. आपण इतके जीव लावून सांगितलेले किस्से त्या माणसानं कर्तव्य म्हणून ऐकले. रक्तदाब कर्तव्य म्हणून मोजून घेतला. बिचारी बाई, म्हणाला असेल मनात. आणि मग दोन स्टॉप गेल्यावर, मनाविरुद्ध, त्यांना हेही आठवलं, की त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

पुढचा बुधवार उजाडला. बाईंनी घरातली सगळी औषधं मुदतीप्रमाणे लावली, मग अक्षरांप्रमाणे लावली. सूनबाई कामावर जाता जाता दारात घुटमळली, पण शहाणी होती, तशीच निघाली. दुपारी फोन वाजला.

"बाई, मी बोलतोय. रागावा हवं तर. पण एक विचारायचं राहिलंय. ते आजोबा, चुकून दुसऱ्याच घरी गेलेले. त्यांना परत आणलं की नाही?"

बाईंनी हातातली औषधाची बाटली खाली ठेवली.

"तुम्ही सांगत होतात तेव्हा चहा उतू गेला आणि राहूनच गेलं. आठवडाभर डोक्यात तेच आहे."

"हे तुम्ही कर्तव्य म्हणून विचारताय का?"

"कर्तव्य संपलं रविवारी. मीसुद्धा ओळखपत्र ठेवून आलो."

"आणलं परत," बाई म्हणाल्या. "पण त्या घरचे त्यांना सोडेनात. शेवटी ते दर महिन्याला तिकडे जायला लागले." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या साहेबाची आणि कारकुनाची गोष्ट मात्र मी चौथ्यांदा ऐकणार नाही, सांगून ठेवते."

"तीनदा सांगितली? मग अडवलं का नाहीत?"

"सेवा करत होते."

पलीकडून काका असे हसले, की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "दुसरी एक गोष्ट आहे. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ती पोर फार रडली. मी बसलो तिच्यापाशी. बाई, तिला पगार नाही."

"म्हणजे?"

"आधी होता. मग त्याचं मानधन झालं. मग संचालक म्हणाले, सध्या जरा ओढाताण आहे, तू अनुभव घे, प्रमाणपत्र देऊ. वर्ष होत आलं. सकाळी संस्थेत, संध्याकाळी कुठल्याशा दुकानात गल्ल्यावर. मी म्हटलं, सोडून का देत नाहीस? तर म्हणते, मी गेले तर फोन कोण उचलणार?"

बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या वॉर्डातल्या पोरी आल्या. जास्तीची ड्यूटी करताना "सिस्टर, तुमच्याशिवाय कसं होणार?" एवढ्या एका वाक्यावर रात्रीमागून रात्री काढलेल्या. त्यांनीही ते वाक्य पोरींना ऐकवलं होतं. त्यांनाही ते ऐकवलं गेलं होतं.

"चष्म्याच्या दुकानापाशी भेटा," त्या म्हणाल्या. "मी निघाले."

संचालकांनी दोघांना बघताच हात पसरले. "या, या! झाला प्रकार विसरून जाऊ. लोकांना तुमची जोडी फार आवडली! एका देणगीदारांनी तर खास चौकशी केली. पुढच्या महिन्यात त्यांच्यासमोर पुन्हा..."

"आम्ही सोडतोय," बाई म्हणाल्या आणि न सांगताच बसल्या.

"अहो, असं कसं? दोन माणसं काय, संस्थेला एकेक माणूस मोलाचं आहे."

"दोन नाही," काका नम्रपणे म्हणाले. "आम्ही गेलो की चार जातात. देणगीदारांनी विचारलं तर आम्ही तसंच सांगू."

संचालकांनी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर ताई एक फोन कानाला आणि दुसरा खांद्यात धरून बोलत होती.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरला पगार आहे?" बाईंनी विचारलं.

"अर्थात. त्याचं काम आहे ते."

"आणि हिचं?"

"ती सेवाभावानं करते. आपण सगळेच इथे सेवाभावानं करतो."

"तुम्हीसुद्धा?"

संचालकांनी टाय सैल केला. माणूस वाईट नव्हता. कुणीतरी फुकट काम करतंय याची त्याला सवय झाली होती, आणि ती सवय कशी लागते हे बाईंना पुरेपूर माहीत होतं. म्हणून त्यांनी आवाज चढवला नाही. पेशंटला सुई टोचण्याआधी बोलायच्या तशा मऊपणे म्हणाल्या, "जरासं दुखेल. मग बरं वाटेल."

एका दमात काही झालं नाही. संचालकांनी समिती बसवली, समितीनं बैठक पुढे ढकलली. बाई प्रत्येक वेळी काचेबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, शेजारी काका. बाकावर बसलेली मेट्रन ही काय चीज असते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. अखेर ताईचा पगार पुन्हा सुरू झाला. पगारासोबत तिची सर्दीही बरी झाली, आणि बाईंनी त्याचंही श्रेय आपल्याकडे घेतलं.

काही दिवसांनी बुधवारी बाई दारात चपला घालत होत्या, तेव्हा सूनबाईनं हटकलं.

"आई, संस्था तर सोडलीत ना? मग कुठे निघालात?"

"काकांकडे."

"कशाला?"

बाईंनी तोंड उघडलं, पण घोकलेलं एकही उत्तर तिथे लागू पडेना. समाजाचा यात काही संबंध नव्हता.

"गप्पा मारायला," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू बघून जरा खेकसल्याच, "बघतेस काय अशी? मलाही काही आवडीनिवडी आहेत."

आणि पर्समध्ये रक्तदाबाचं यंत्र न घेताच त्या बाहेर पडल्या.